बाकावरची रेंज

ईस्ट हार्लो, व्हरमाँट
१४ ऑक्टोबर २०२२

प्रिय एमेट,

अभिनंदन रे बाबा. माझ्या स्वयंपाकघरात फाइव्ह-जी आलंय, असं मला काल लायब्ररीत कळलं. तिथल्या संगणकावर तुमच्या कंपनीचा नकाशा बघितला. आपली सगळी दरी नारिंगी. माझं घर, तुझ्या बापाचं रस उकळायचं पाकघर, वरची मेपलची राई, सगळं नारिंगी. घरी येऊन मी फोन हातात धरून ओट्यापासून दारापर्यंत आणि दारापासून खुराड्यापर्यंत फिरले. कोंबड्यांना वाटलं, दाणे आणले. रेंज म्हणशील तर एक काडी नाही.

गेल्या आठवड्यात हिरव्या कंपनीचा माणूस येऊन गेला आणि त्याच्या मागोमाग तुमचा नारिंगी टोपीवाला. दोघांनीही मला शपथेवर सांगितलं की दुसऱ्याचा नकाशा खोटा आहे. मी दोघांवरही विश्वास ठेवला आणि दोघांनाही कॉफी दिली.

आता कामाचं. ऑरिनच्या हृदयात ऑगस्टमध्ये जाळी बसवली, ते तुला कळवलंच होतं. डॉक्टरनं बजावलंय की एकट्यानं रानात जायचं असेल तर खिशात चालणारा फोन हवा. तुझ्या बापानं निमूटपणे फोन घेतला आणि बिस्किटांच्या डब्यात ठेवून दिला, कारण तो कुठेच लागत नाही. लागतो फक्त दफनभूमीमागच्या टेकडीवर, आपल्या बाकावर. सगळं गाव अजून तिथेच जातं. कुणाची मुलगी बाळंत झाली, कुणाचा जावई रुसला, सगळं त्या बाकामागे रांगेत उभं राहिलं की कळतं. पण वरच्या राईपासून बाक दोन मैल. फेब्रुवारीत ऑरिन झाडांना रसाच्या नळ्या लावायला वर जाणार, आणि तिथे तो पडला तर मला कळेल ते जेवायला आला नाही म्हणून.

राज्य सरकार टॉवरला मदत देतं, पण जिथे रेंज नाही तिथेच. तिथली बाई म्हणते, तुमच्याकडे आहे की, नकाशात बघा. हरकत घ्यायची मुदत एकतीस जानेवारी. तू तर नकाशाच्या खात्यात आहेस. तेवढा रंग पुसून दे.

घरच्या फोनवरून तुला लावला असता, पण तू सदा मीटिंगमध्ये, आणि तुझ्या त्या निरोप घेणाऱ्या मशीनशी बोलायला मला जमत नाही. तुला लिहितेय हे ऑरिनला सांगितलं. तो म्हणाला, "लिही." या वर्षातलं तुझ्याबद्दलचं त्याचं हे सगळ्यात मोठं भाषण.

तुझी आत्या,
लुएला

डेन्व्हर
२७ ऑक्टोबर २०२२

प्रिय आत्या,

तुझं पत्र आमच्या खात्यात मी मोठ्यानं वाचून दाखवलं. कोंबड्यांपाशी सगळे हसले. डॅना, म्हणजे आमची साहेबीण, म्हणाली की या बाईंना आपल्या जाहिरातीत घ्या.

पण आत्या, ही शर्यत तुला वाटते तसा पोरखेळ नाही. यंदा हिरव्यांनी अठ्ठ्याण्णव पूर्णांक नऊ टक्के जाहीर केले. आम्ही नव्व्याण्णव. तो जो एक दशांश आहे ना, त्याच्यासाठी इथे माणसं जेवण सोडून बसतात. विमानतळावर एवढा मोठा फलक लावलाय आमच्या नव्व्याण्णवचा. डोंगराळ भागाचा नकाशा माझ्याकडे होता, आणि त्याबद्दल मला काचेचं मानचिन्ह मिळालंय. खिडकीत ठेवलं की भिंतीवर छान उजेड पडतो.

आणि नकाशा कुणी मनानं रंगवत नाही. ईस्ट हार्लोची चाचणी एप्रिलमध्ये प्रत्यक्ष जागेवर झाली. दोन हजार नऊशे मोजण्या, सगळ्या उत्तम. तेव्हा दोष तुझ्या फोनचा असणार. तो अजून तोच आहे का, घडी घालायचा? बंद करून पुन्हा चालू कर. धरताना बोटं वरच्या कडेवर ठेवू नकोस.

बाबांना सांग, एकटे वर जाऊ नका म्हणून. किंवा नको सांगूस. माझं नाव काढलंस तर हटकून जातील.

तुझा,
एमेट

ईस्ट हार्लो
१२ नोव्हेंबर २०२२

प्रिय एमेट,

फोन बंद करून चालू केला. बोटं कुठेही ठेवली नाहीत, दोन तळहातांवर धरला, पाद्रीबाबा प्रार्थनेचं पुस्तक धरतात तसा. तरी नाही. शेवटी मीच चौकशीला लागले की एप्रिलमध्ये आपल्याकडे मोजायला आलं होतं कोण.

आणि एमेट, काय सांगू, मला माहीत होतं की. सगळ्या गावाला माहीत होतं. पेलेटियर नावाचे ते गृहस्थ, टक्कल पडलेले, अगदी सभ्य. गाडीत पुढच्या काचेखाली तीन फोन लावलेले. पण ऐन चिखलाच्या महिन्यात आले. आपला रस्ता एप्रिलमध्ये कसा असतो ते तुला सांगायला नको. क्लेटनच्या दुकानापासून शंभर पावलांवर गाडी पोटापर्यंत रुतली. ऑरिननं ट्रॅक्टर लावून ओढून काढली. खालचा एक भाग मोडला होता, तो बर्लिंग्टनहून मागवायचा होता, आणि साहेबाचे फोन त्यांच्या मोबाइलवरच येणार होते. मग रेंज कुठे आहे म्हणून त्यांनी विचारलं.

आता सांग, दारात आलेल्या अडचणीतल्या माणसाला आपण काय सांगणार? ऑरिननं गाडी ओढत ओढत नेऊन थेट बाकाशेजारी उभी करून दिली. अडीच दिवस ती तिथे उभी होती. मी घेवड्याचं जेवण नेलं, क्लेटननं चादर दिली, विनीनं डोनट आणि आंबट काकडी. पेलेटियर म्हणाले, इतका पाहुणचार मला कुठल्याच गावात मिळाला नाही. आणि काचेखालचे ते तीन फोन दर तीन-चार मिनिटांनी आपलं मोजतायत, मोजतायत. आम्हाला वाटलं, घड्याळ आहे.

तर तुझ्या दोन हजार नऊशे मोजण्या त्या एका बाकाच्या आहेत. आम्ही आमच्या हातानं स्वतःला रंगवून घेतलं. ऑरिनला हे सांगितलं तेव्हा तो उठून कुऱ्हाडीला धार लावायला गेला.

पण आता तुला समजलंय ना, मग झालं. तुझ्यासाठी तर एका दुपारचं काम असेल. दोन हजार नऊशे ठिपके एकावर एक बसलेत हे नकाशात कुणालाही दिसेल.

तुझी,
लुएला आत्या

डेन्व्हर
२ डिसेंबर २०२२

प्रिय आत्या,

उत्तराला उशीर झाला, माफ कर. इकडे वर्षअखेरीची गडबड आहे. तू कळवलेली माहिती संबंधित लोकांपर्यंत पोहोचवण्याची एक पद्धत असते आणि त्या पद्धतीनं ती जाईल. याला किती वेळ लागेल हे आत्ता सांगता येणार नाही.

सोबत एक यंत्र पाठवतोय. घराबाहेर लावायचं. रेंज वाढवतं. माझ्या पगारातून घेतलंय, कंपनीचं नाही.

तुझी जिरॅनियमची रोपं कशी आहेत? थंडीत आत आणलीस ना? क्लेटनच्या गुडघ्याचं काय झालं? यंदा बर्फ लवकर पडेल असं म्हणतायत.

तुझा,
एमेट

ईस्ट हार्लो
२० डिसेंबर २०२२

प्रिय एमेट,

तू आठ वर्षांचा असताना पाकघरातला मोठा थर्मामीटर फोडलास आणि माझ्याकडे येऊन विचारलंस, आत्या, तुझी जिरॅनियम कशी आहेत? तेव्हापासून आजपर्यंत तू माझ्या जिरॅनियमची चौकशी केली नव्हतीस. ती छान आहेत. आता काय फोडलंयस ते सांग.

तुझं यंत्र लावलं. पुस्तिकेत लिहिलंय की ते असलेली रेंज वाढवतं. नसलेलीचं काय करायचं ते पुढच्या पानावर असेल म्हणून पान उलटलं, तर तिथे तेच सगळं फ्रेंचमध्ये.

आता हसणं पुरे. नऊ तारखेला इथे बर्फाचा पाऊस झाला, तारा तुटल्या, घरचे फोन तीन दिवस बंद. अकरा तारखेला सकाळी ऑरिन सरपणाच्या खोपीत खाली बसलेला दिसला. चेहरा पिठासारखा. मला म्हणाला, जरा बसलोय. एमेट, तो कधी जरा बसतो का? त्याच्यावर घोंगडी टाकली, त्याला तिथे एकटा सोडला, आणि बाकापर्यंत गाडी नेली. गाडी टेकडीखाली अडली. पुढे पायी. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई गुडघाभर बर्फात पळत नाही, पण मी पळाले. सगळ्या वाटेनं मी तुमच्या नारिंगी नकाशातून पळत होते. ॲम्ब्युलन्स आली, तो वाचला, चार दिवसांनी घरी आला. दवाखान्यातल्या ओटच्या लापशीला अजून शिव्या घालतोय. आणि फेब्रुवारीत वर जाणारच म्हणतोय. झाडं कुणाची वाट बघत नाहीत, एवढंच उत्तर.

गावानं हरकत घ्यायचं ठरवलंय. चौतीस जण फोन घेऊन घराघरातून आणि वाटावाटांनी मोजत फिरले. सहाशे मोजण्या, सगळ्या शून्य. सरकारातल्या बाई म्हणाल्या, छान केलंत, पण कंपनीनं आपल्या दोन हजार नऊशे पुढे केल्या तर तुमच्या सहाशेंचं काही चालायचं नाही. कंपनीनं स्वतःहून मागे घेतल्या तरच.

नकाशा कुणाच्या हातातला आहे ते मला माहीत आहे. त्याला मी अंघोळ घातलेली आहे.

आत्या

डेन्व्हर
२ जानेवारी २०२३

आत्या,

मला माहीत होतं.

पेलेटियरचं आणि चिखलाचं नव्हतं माहीत. पण मेमध्ये मोजण्या माझ्यासमोर आल्या तेव्हा सगळे ठिपके एका जागी होते, आणि ती जागा मी ओळखली. मी न ओळखीन कसा? पहिल्या नोकरीचा फोन मी त्याच बाकावरून केला होता. बाबा खाली ट्रॅक्टरवर बसून होते. खाली आलो तर मला म्हणाले, "जा, मोज तुझ्या काड्या." त्यानंतर आम्ही धड बोललेलो नाही, ते तुला ठाऊकच आहे.

त्याच आठवड्यात हिरव्यांनी आपला आकडा जाहीर केला होता. आम्हाला नव्व्याण्णवला थोडंसं कमी पडत होतं, आणि आपली दरी आणि शेजारच्या दोन घातल्या की बरोबर भरत होतं. डॅनानं विचारलं, हार्लोच्या मोजण्या नीट आहेत ना? मी म्हणालो, नीट आहेत. एवढंच वाक्य. त्यात मी कुठे आकडा बदलला नाही की काही खोडलं नाही. म्हणून वाटायचं की मी काही केलंच नाही. तू पळालीस ते वाचेपर्यंत वाटायचं.

मला लाज वाटते. तुला फोनवरची बोटं शिकवली त्याची जास्त.

आज सकाळी डॅनाला सगळं सांगितलं. तिनं ठिपके स्वतः उघडून बघितले. मग म्हणाली, फलक उतरवायला लागेल. दुपारी तिनं स्वतः सही केली. मोजण्या मागे घेतल्याचं पत्र उद्या सरकारात पोहोचेल, मुदतीच्या आत. आमचा आकडा हिरव्यांच्या खाली गेला. मला नकाशावरून काढून तक्रारींच्या खात्यात टाकलंय. तुझ्यासारख्या लोकांची पत्रं आता मीच वाचणार.

काचेचं मानचिन्ह परत केलं. भिंतीवर आता साधाच उजेड पडतो.

बाबांना यातलं काय सांगायचं ते तू ठरव.

एमेट

ईस्ट हार्लो
८ मार्च २०२३

प्रिय एमेट,

तुझ्या पत्राला दोन महिने उत्तर दिलं नाही. आधी रागावले होते. मग राग गेला, तर झाडांचा रस सुरू झाला. या हंगामात ऑरिन पुढे आणि मी मागे, बर्फातले बूट घालून, गळ्यात शिट्टी अडकवून. तो म्हणतो, तुझ्या धापा टाकण्यानं झाडं घाबरतात. पाक मात्र फिका सोनेरी उतरलाय, एक डबा तुला पाठवते.

नकाशात आपण पांढरे झालो, आणि तेव्हापासून गावाला काय भाव आलाय म्हणून सांगू. सरकारची मदत मिळणार म्हटल्यावर हिरवे आणि नारिंगी दोघेही चर्चच्या मनोऱ्यावर टपले. अँटेना मनोऱ्याच्या आत लपवायचा, बाहेरून काही दिसत नाही म्हणे. काल गावसभेला दोन्हीकडचे हजर. तुमच्या लोकांनी डोनट आणले. हिरव्यांनी डोनट आणि कॉफी आणली. क्लेटननं दोन्हीकडचे खाल्ले आणि म्हणाला, अजून माझं मत बनत नाहीये.

तासभर दोघं एकमेकांचे नकाशे फाडत होते. आमचं जाळं पुढच्या पिढीचं, त्यांचं मागच्या पिढीचं. विनीनं विचारलं, या पिढीतल्या माणसाचा फोन लागेल का? त्यावर दोघंही कागद चाळायला लागले.

आणि मग ऑरिन उभा राहिला. तुला माहीत आहे, चाळीस वर्षांत तुझा बाप गावसभेत फक्त रस्त्याच्या खडीबद्दल बोललाय. मला वाटलं, आताही खडीच. टोपी हातात घेऊन तो म्हणाला, "एप्रिलमध्ये ती गाडी बाकापाशी मी ओढून नेली. ट्रॅक्टर माझा. म्हणून नकाशा चुकला. माझ्या मुलाला ते कळलं, आणि त्यानं त्याच्या साहेबांसमोर ते कबूल केलं. त्याची जागा गेली त्यात. हे इतिवृत्तात लिहा."

लिहिणारी बाई म्हणाली, ऑरिन, हा विषय पत्रिकेवर नाही. तो म्हणाला, "लिहा." आणि ती लिहीपर्यंत तो उभाच राहिला. मग बसला.

तर एमेट, तुझं नाव आता गावाच्या इतिवृत्तात आहे. पान सतरा. काच नाही, पण वर्षानुवर्षं टिकतं.

हो, तुझं पत्र मी त्याला वाचायला दिलं होतं, सगळं. तू ठरव म्हणालास, मी ठरवलं. त्यानं दोनदा वाचलं. "नीट आहेत" म्हणालास, त्या जागी थांबला होता. मग म्हणाला, मीही त्याला एक वाक्य बोललो होतो.

ठराव असा झाला की मनोऱ्यात दोघांनीही यायचं. एकाच शिडीनं चढायचं, एकमेकांना वाट द्यायची, आणि काम संपलं की दोघांनी मिळून शिडी पुसायची. बाक आहे तिथेच राहणार. तो कुणाच्याही नकाशात धरायचा नाही, हेही लिहून घेतलंय.

तुझी,
लुएला आत्या

ईस्ट हार्लो
२९ ऑक्टोबर २०२३

एमेट,

लुएला म्हणते, मी लिहावं. ती इथेच उभी आहे. आता ती गेली.

मनोऱ्यातलं मंगळवारी सुरू झालं. लुएलाचा फोन दिवसभर तिच्या ॲप्रनमध्ये असतो. मी गोठ्यात असलो की ती घरातून फोन करून विचारते, गोठ्यात आहेस का. दिवसातून सहा वेळा. हे तुमच्या तक्रारींच्या खात्यात कुठे लिहायचं ते कळव.

गुरुवारी वरच्या राईत गेलो होतो. नळ्या तपासायला. खारींनी कुरतडल्यात. तिथे सगळ्यात वरचं जुनं झाड आहे, ज्याला तू लहानपणी खिळा ठोकलास आणि मी तुला रागावलो, तिथे उभा राहून फोन बघितला. काड्या चार होत्या. मोजल्या.

तुझा नंबर लावला. तू मीटिंगमध्ये होतास. ते मशीन म्हणालं, बोला. त्याला काय सांगायचं ते मला सुचेना. पण बंदही केला नाही. तुला नुसता वारा ऐकू आला असेल, आणि कुणीतरी श्वास घेतंय असं. चुकून लागला असं समजून पुसून टाकला असशील तर म्हणून लिहितोय. तो मी होतो.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात नळ्या लावायला घेतो. लुएलाला आता वर चढवत नाही, तिला सांगू नकोस की मी असं म्हणालो. दुसरं माणूस लागेल. बूट आणायची गरज नाही, तुझे आहेत, खुंटीवर. तेल लावून ठेवलंय. दरवर्षी लावतो.

ऑफिसचा फोन वर लागेल. आला तर मी घेतो, आणि सांगतो की तू झाडाजवळ आहेस, हात भरलेत.

बाबा